पाच मिनिटं

अमळनेरच्या बेकरीतली भट्टी माझ्याहून वयानं मोठी.
गिरणीच्या कँटीनच्या लिलावात आलेली.
दाराची एक बिजागरी मूळची,
दुसरी सुपडूआप्पांनी सायकलच्या पत्र्यातून काढलेली.
पायलट रात्री कधीतरी विझतो.
पश्चिमेची खिडकी, म्हणतात आप्पा.
मालक म्हणतो, सिलिंडरवाला चोर.

पहाटे साडेतीनला मी काडेपेटी उघडली
तर आप्पांनी मनगट धरलं.
"आते नही."

आधी कॉक बंद.
मग दारं सताड, भट्टीचं आणि दुकानाचंही.
दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही,
जळतोय तो जळू दे.
पंखासुद्धा नको.
मग मैद्याच्या पोत्यावर बसायचं, घड्याळासमोर.
हा गॅस धुरासारखा वर जात नाही, पोरी,
पाण्यासारखा उतरतो,
गोणीखाली, पायरीच्या कोपऱ्यात,
मांजर निजतं तिथं जाऊन बसतो.

बोरीच्या पात्राकडून थंडी आत आली.
दहावीच्या गणिताला शेवटची पाच मिनिटं
कशी उडाली ते कळलंही नव्हतं.
इथे आप्पांनी तंबाखू मळली, चुना झटकला, बार भरला,
आणि काटा जेमतेम दोनवर.

त्यांच्या डाव्या भुवईला केस नाहीत.
मी विचारणार, तेवढ्यात त्यांनीच तिथं बोट ठेवलं.
"हाई तिसरा मिनिटनं काम शे."
पुढचं काही सांगितलं नाही.

"आते वाक. जमीनले नाक लाव, नि सांग."

फरशी बर्फासारखी.
मैदा. डालडा. ओलं गोणपाट.
उंदरांच्या औषधाचा गोडसर दर्प.
कुजक्या कोबीसारखं काही? बहुतेक नाही.
"आप्पा, तुम्हीच बघा ना. तुमचं नाक जाणतं."

ते भट्टीकडे बघत राहिले.
त्या सालच्या तापात गेलं, म्हणाले,
सगळ्यांचं परत आलं, माझं राहिलं.
खारी झाली का करपली, रंगावरून ओळखतो.
"मालकले सांगू नको."

म्हणजे इतके दिवस
हा माणूस पाचाऐवजी पंधरा मिनिटं
या पोत्यावर बसून काढत होता,
आणि मालक गल्ल्यावरून ओरडायचा,
म्हातारा आळसावलाय.

मी पुन्हा वाकले.
या वेळी घाई न करता,
कोपरा कोपरा, गोणीच्या खालीसुद्धा,
मांजराला उठवून.
"नाही आप्पा. बहुतेक नाही असं नाही. नाहीच."
"मंग लाव."

केरसुणीचा लांब हीर पेटवला.
तोंड बाजूला, वेणी पाठीवर टाकलेली.
आधी ज्योत, मग गॅस, उलटं कधीच नाही.
खटका पायलटवर आणला, दाबला, दाबूनच धरला,
आणि आत हरभऱ्याएवढं निळं काही
फुस्स करून उगवलं.

सोडू नको, साठ मोज.
तांब्याची ती कांडी तापली पाहिजे,
तिची खात्री पटल्याशिवाय ती गॅस धरून ठेवत नाही.
अंगठा पांढरा पडला.
अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.
सोडलं.

विझलं.

बाहेर दूधवाल्याच्या फटफटीचा आवाज.
टोस्टचे ट्रे फडक्याखाली फुगून तयार.
मालक सहाला येणार.
मी हीर पुन्हा उचलला, आणि आप्पा काही बोलायच्या आत
खाली ठेवला, कॉक बंद केला.
पोत्यावर त्यांनी सरकून जागा केली.
"बठ."

काटा तीनवर आला तेव्हा
मी डाव्या भुवईवरून हळूच बोट फिरवलं.
होती.