तीस टक्के कमी

विस्कॉन्सिनमध्ये पहाटे सहाला, तळं गोठलेलं असताना,
हाल्वर वाट्या भरतो.
अठरा नंबरला पोटभर,
एकोणीसला तीस टक्के कमी.
गुंजभरही इकडचं तिकडे नाही,
चोवीस वर्षं.

अठरा कधीच गेला.
रक्तात साखर, पाठीवरचे केस झडलेले,
शेवटी शेवटी घास गालात धरून
चावायचं विसरायचा.

एकोणीस अजून दांडीवर झेप घेतो.
पाहुणे डॉक्टर म्हणतात,
माकडाचं वय दिसतं तरी का!

त्यांनी त्याला वाटी चाटताना पाहिलेलं नाही.
चाटून झाली की तो ती पालथी करतो,
खाली बघतो,
पुन्हा सुलटी करतो.
रोज.

हाल्वरचं पोट पट्ट्याबाहेर आलंय.
गुडघे कुरकुरतात, लोणी बंद झालंय.
डबा खातो तो भिंतीकडे तोंड करून.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी
त्यानं खिशातून एक शेंगदाणा काढला,
जाळीशी हात नेला.
एकोणीसनं दाण्याकडे पाहिलंच नाही आधी,
त्याच्याकडे पाहिलं.
बराच वेळ.

त्या रात्री वहीत नोंद आहे:
आहार नियमाप्रमाणे.
वजन स्थिर.