माळ्यावर ठेव

प्रत्येक फोल्डरच्या शेजारी त्याच नावाचा आणखी एक,
आणि खरा कुठला ते नानांना कळेना.
'निमाचं लग्न' दोन. 'एलआयसी' दोन.
'पाणीपट्टी' तर तीन.

लष्करात, जिवाजीगंजातल्या दुसऱ्या मजल्यावर
मी आधी सीपीयूचं झाकण काढून
रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली.
कीबोर्ड उलटा केला तर मुरैन्याच्या गजकेचे तीळ पडले,
कुठल्या थंडीतले कोण जाणे.

"कुशवाहांच्या अंकितचा पेन ड्राइव्ह लावला होता फक्त,"
नाना म्हणाले, कुणाच्या उष्ट्या पेल्यातलं
पाणी प्यायल्यासारखे ओशाळून.

स्कॅन रांगत होता. बेचाळीस टक्क्यांवर बत्ती गुल.
यूपीएस किंचाळला, आम्ही दोघं धावलो,
मी बटणाकडे, ते मेणबत्तीकडे.
पुन्हा शून्यापासून.

साडेनऊला यंत्रानं विचारलं:
एकशे सतरा सापडले. काढून टाकू, की वेगळे ठेवू?
मी नुसतं वाचून दाखवलं.
नाना लगेच, "टाकायचं कशाला? माळ्यावर ठेव."
त्यांच्या माळ्यावर पितळी स्टोव्ह आहे, निमाची सायकल,
पंख्याची नऊ पाती; पंखा एकही नाही.

ठेवले.

यंत्र परत सुरू झालं तेव्हा कोपऱ्यात तारीख होती
एक जानेवारी दोन हजार दोन.
आतला सेल गेलाय, म्हटलं, थांबा, बदलतो.
नानांनी चष्मा कपाळावर सरकवला,
जवळ येऊन ते आकडे पाहिले,
मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.
"राहू दे," म्हणाले,
"जेवून आल्यावर बदल."