शेऱ्याचा रकाना

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या पायथ्याशी
नाल्याच्या काठाला आम्ही पाच हात खाली गेलो होतो.
मी बावीस वर्षांचा, धुळ्याहून आलेला.
काम एवढंच: जे निघेल ते नोंदवहीत लिहायचं.

चाळणीवर सुपडाबाई पटवे.
आधीची तीन गेली, म्हणून हिला जन्मताच
सुपात घालून उकिरड्यावर टाकली
आणि चार पावलांवरून शेजारणीनं उचलून आणली,
नवी म्हणून.
तेव्हापासून सुपडा. आता रोजावर, हातात चाळण.
नशीब कधी कधी असले फुटकळ विनोद करतं.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी,
पिवळ्या थरातल्या मातीतून
उरली एक चकती,
मसुराच्या डाळीएवढी, मधे भोक.
मी लिहिलं: शिंपला, एक नग.

"शिंपला नही भाऊ, अंडं शे."
आम्ही हसलो.
"मना घर कोंबड्या शेतस," म्हणत तिनं
चकती उन्हात धरली,
पाठीवरचे सुईच्या टोकाएवढे खळगे दाखवले.
आत जीव असतो, त्याला वारा लागतो.
"पन इतलं जाड अंडं दिन्हं कोनी?"

दोन महिन्यांनी पुण्याहून पत्र आलं.

शहामृग.

अंकलिपीतला. श शहामृगाचा.
गावच्या पोरांनी तेवढाच पाहिलेला,
शाईत छापलेला, एका पायावर उभा.
तो इथे धावत होता,
जिथे आता कपाशी, रसवंती आणि एसटीचा थांबा,
वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी, कमरेएवढ्या गवतातून.
आणि कोणीतरी त्याचं अंडं खाऊन
पोट भरल्यावरही बसून राहिलं होतं,
गारेच्या टोकानं कवच कोरत,
आधी या बाजूनं, मग त्या.

उखर्डू मुकादमानं हिशेब मांडला
एक अंडं शिजायला किती गोवऱ्या लागत असतील.
पैज लागली. चहा आला.

सुपडाबाई गप्प होती.
तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या
करदोटे गुंफायचे, पोती ओवायच्या.
तिनं चकती तळहातावर उलटी केली, सुलटी केली.
भोकाची एक कड नखानं चाचपली.
तेवढीच कड गुळगुळीत.
"घालेल शे कोनी तरी," ती म्हणाली.
मग माझ्याकडे बघून,
"भाऊ, दोरा सापडना का?"

मी समजावून सांगितलं,
सूत, तात, केस, असलं काही
इतकी वर्षं मातीत टिकत नाही.
"माहीत शे," ती म्हणाली,
आणि पुढची पाटी चाळणीत ओतली.

परवा ती नोंदवही पुन्हा हाती आली.
अनुक्रमांक एकशे बारा.
शिंपला खोडून अंडकवच,
खाली साहेबांची लफ्फेदार सही.
कडेला, शेऱ्याच्या रकान्यात,
माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं:
दोरा नाही.
कोणी खोडलेलं नाही ते.