दोन पट्ट्या खाली

मुंढव्याच्या त्या बिअर गाळणाऱ्या हॉटेलात
पोरगा विचारतो, बोडस काका,
ते जुनं का नाही वाजवत? तसंच, कॅसेटवर आहे तसं?
त्याच्या बापाकडे आहे म्हणे.
आम्ही दोनशे काढल्या होत्या,
साठ अजून माझ्या माळ्यावर आहेत,
म्हणजे याचा बाप त्या एकशेचाळिसांतला.
नाव विचारायला हवं होतं.

काय सांगू याला?
तू आवाज आवाज म्हणतोस
तो तापकीर गल्लीतल्या बागवानने जोडून दिलेला अँप्लिफायर होता.
ट्रान्सफॉर्मर हलका, चौथ्या गाण्याला तापायचा,
तापला की गुरगुरायचा.
पेपरात कुणी लिहिलं, या मुलांच्या सुरात संताप आहे.
आम्ही कात्रण लॅमिनेट केलं.

संताप होताही, नाही कशाला म्हणू.
वडील खडकीच्या कारखान्यात टाइमकीपर.
दोन मिनिटं उशीर, अर्धा दिवस कापा.
पहाटेच्या भोंग्यापेक्षा मोठं वाजवायचं,
एवढीच आमची विचारसरणी.
रास्ता पेठेत प्लायवुडच्या गोदामात
मेल्विन ड्रम्सवर, सायरस बेसवर,
गिटारवर मी,
आणि भुसा. सगळ्यांच्या घशात भुसा.
त्यालाच पुढे लोक खरखरीत गळा म्हणाले.

वय झालं की माणूस मवाळ होतो, म्हणतात.
पुण्यात हा शब्द जपून वापरावा.

मागच्या दिवाळीत सायरस टोरोंटोहून आला.
कोंढव्यात तासावर खोली घेतली,
भिंतींना फोम, पाण्याच्या सीलबंद बाटल्या.
मेल्विन आला. चष्मा, गुडघ्याला पट्टा,
वानवडीत पोरांना शिकवतो आता, चाळीस पोरं.
एक दोन तीन चार
आणि जिथे पडायला हवा
नेमका तिथेच ठोका पडला.

मी थांबलो.
तेव्हा हा चौथ्या मात्रेला केसभर मागे राहायचा,
दारात कुणी अडखळावं तसा,
त्या केसभर जागेत मी गिटार घालायचो.
तीच जागा होती. दुसरं काही नव्हतंच आमच्याकडे.
म्हटलं, मेल्विन, पूर्वीसारखा उशीर कर ना.
अरे, तो म्हणाला, तेव्हा मला वाजवता येत नव्हतं.
तरी त्याने केला, माझ्यासाठी.
ठरवून चुकला.
ते आम्हा तिघांना ऐकवेना.
उरलेला तास आम्ही समोरच्या टपरीवर बसलो,
खोलीचं भाडं चालू होतं.

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
ही शिटी बाहेर कुठे नाही, तुमच्या आतच आहे.
पस्तीस वर्षांपूर्वी कुणी असं बोललं असतं
तर मी त्याचं गाणं केलं असतं.
उजव्या कानात, तार धैवताच्या जरा वर,
रात्रंदिवस.
जुना आवाज सोडला, असं तुम्ही म्हणता.
मी झोपतो त्याच्यासोबत.

वडीलही शेवटी बहिरे झाले, कारखान्याने.
पलंगाशी बसून मी नायलॉनच्या तारांवर काहीबाही वाजवायचो,
ते माझ्या बोटांकडे बघायचे,
म्हणायचे, हल्ली बरं वाजवतोस.

तर आज या पोरासाठी
तारा दोन पट्ट्या उतरवतो,
वरचं आता पोचत नाही, हे त्याला सांगत नाही.
जुनंच धरतो, निम्म्या चालीत.
शब्दांत एक शिवी होती, तिथे नुसता श्वास घेतो.
आणि चौथ्या मात्रेला
का कोण जाणे
हात आपोआप थांबतो, केसभर,
ड्रम्स नसताना.

पोरगा मोबाइल उंच धरतो.
मग खाली घेतो.
काका, हे तेच का?
शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस निघालाय,
मेणबत्ती फुंकूनही विझत नाहीये,
ती पेटती राहणारी असते ना, तसली.