पावती

दसरा चौकात हात आडवा आला
आणि मी पाय टेकायच्या आत
चावी गेली.
चावीला हुपरीचं एक घुंगरू, पैंजणातनं उरलेलं,
ते त्यांच्या मुठीत बारीक वाजलं.

हेल्मेट नव्हतं. चूक माझीच.
डिकीत गुजरीला पोचवायचे सात जोड.
लायसन मोबाइलवर दाखवलं.
"कागद कुठाय?"
म्हटलं, हाच कागद, साहेब.
दंड करा, पावती द्या.
चावी तेवढी गाडीत असू दे.
आणि छातीवरची पाटी वाचली, मोठ्यानं:
मगदूम.

"लई शिकलीस व्हय गं?"
बारावी नापास. दोनदा.

मग मशीनला रेंज मिळेना.
खांबाची सावली एकालाच पुरणारी,
तिच्यात दोघं अर्धे अर्धे उभे.
"सहापासनं पाय मोडलेत,"
ते म्हणाले, मला नव्हे, मशीनला.

शेवटी कागद आला कुरकुरत.
उज्ज्वला खोतचा झाला उज्वल खोट.
रक्कम मात्र बरोबर.

चावी त्यांनी स्वतःच लावली, न बघता.

पावती मी पैसे ठेवते तिथं नाही ठेवली,
चांदीच्या गाठोड्यात ठेवली.
आणि निघाले,
डोकं अजून उघडंच.