दहा मिनिटं

तार्तू, जून. रात्रीचे अकरा वाजून गेले
तरी खिडकीत उजेड रेंगाळतोय.
पडद्यावर आणखी एक चादर लावली मी, चार चिमटे मारून.
लेम्बी सहा वर्षांची. आज डावी बाजू गेलीय.
परवा उजवी होती, तीउ सांगते,
कारखान्यातली पाळी सांगावी तसं.

"गार लागेल हं," म्हणत मी
केसांत भांग पाडून एकवीस तारा चिकटवतो.
ती काही बोलू बघते. अर्धंच तोंड हलतं,
शब्द कोपऱ्यातून ओघळतो.
आई रुमालाने पुसते.

मग मी यंत्रापाशी.
एकोणीस वर्षं लोकांची झोप वाचतोय.
लाटा रुंदावतात, संथ होतात,
मधेच बारीक पिळाची लडी उमटते,
तिला आम्ही टकळी म्हणतो.
कोण कातत असतं, ठाऊक नाही.

बारा एकोणीस.
दिवसभर हरवलेल्या मोज्यासारखा पडलेला डावा हात
उठतो, वळतो, गालाखाली जाऊन बसतो.
डावा पाय पांघरूण लाथाडतो.
पडद्यावर विशेष काही नाही.
जागेपणी जे बंद, ते झोपेत कोण उघडतं,
हे डॉक्टरांनाही विचारून झालंय.

तीउने डबा काढलाय:
भाजलेलं पीठ, केफिरात कालवलेलं.
"दुपारपासून घोटभरही गिळलं नाही तिने," ती म्हणते.
उठवलं की दहा मिनिटं, फार तर पंधरा,
पोर अख्खी असते. मग परत जाते बाजू.
नियम असा की सहापर्यंत उठवायचं नाही.
मी नोंद करतो: जाग. कारण, भूक.

लेम्बी उठून बसते. दोन घास, तीन,
आई घड्याळाकडे बघत चमचा भरते,
आणि ही तोंड फिरवते,
खांद्यावरून लोंबणाऱ्या तारा पुढे ओढते,
तीन पेड करते
आणि वेणी घालायला लागते.
दोन्ही हातांनी.

पडद्यावर नुसता धुमाकूळ,
एक रेघ वाचता येईना.
"लेम्बी, खा गं," आई म्हणते, मग म्हणत नाही.
चमचा तसाच हवेत.
अकराव्या मिनिटाला डावा हात
पेड धरल्या धरल्याच सैल पडला.

सकाळी आठला पुढचा पेशंट होता,
वेणी सोडवणं भाग होतं.
वेळ लागला.
घट्ट घातली होती.