पाहुणा

फाटकाशी मोबाइल काढून घेतला, ओळखपत्र तपासलं,
आणि कोटावर चिकटवली एक पिवळी चिठ्ठी : पाहुणा.
चौकीतला पोरगा विशीचा असेल नसेल,
कोवळ्या मिशीवर दंव.
म्हणाला, वाट सोडून चालायचं नाही. फोटो नाही.
कशाचा काढणार होतो?
सकाळचे साडेनऊ, आणि आभाळ अजून दौतीतून वर आलेलं नाही.

तिरिल बराकीच्या दारात उभी.
केस कानाच्या वर कापलेले.
दोघांचाही एकेक पाय पुढे आला, थांबला,
मग तिनंच हात पुढे केला
आणि माझी पिशवी घेतली.

सहा खाटा, सहा कपाटं, चार मुलगे, दोन मुली.
चादरीची घडी पट्टीनं मोजल्यासारखी.
मी म्हटलं, आईला सांगितलं तर खरं वाटायचं नाही तिला.
म्हणूनच फोटोला बंदी आहे, तिरिल म्हणाली.

मग शेड. उंच, पत्र्याची, आत डिझेलचा वास.
तो नाकात गेला तेव्हा कुठे खांदे सैल झाले.
तीस वर्षं मी फेरीबोटीच्या पोटात काढली,
दोन बेटांमधला अठरा मिनिटांचा रस्ता,
जाऊन येऊन, जाऊन येऊन.
बर्फावर चालणाऱ्या गाडीचं झाकण उचलून
ती बोलू लागली भराभर :
पंप, पट्टे, उणे तीसमध्ये तेल कसं
मधासारखं हटून बसतं.
तिच्या नखांखाली काळं होतं.
मी माझे हात खिशात घातले, का कोण जाणे.

तेवढ्यात शेडच्या त्या टोकाहून कुणीतरी ओरडलं,
"हेस्टनेस!"
आणि आम्ही दोघांनी एकदम म्हटलं,
"हो!"

सगळे हसले. लेफ्टनंटबाईही हसल्या. मीही.
बापानं माझ्या डब्यावर खिळ्यानं कोरलेलं ते नाव.
ते असं पत्र्यावर आदळून
मला ओलांडून पुढे जाताना
पहिल्यांदाच ऐकलं.
ती पळत गेली.
माझा 'हो' तिथेच, पान्यांच्या फळीपाशी, उभा.

कुंपणाच्या मागे डोंगर. डोंगराच्या मागचं
तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
सरहद्द इथून किती लांब,
हा प्रश्न घरून घडी घालून आणला होता.
तसाच, घडी न मोडता, परत नेला.

त्रोम्सोला पोचलो तेव्हा पुन्हा काळोख. बोट रात्री दीडला.
एवढ्या वेळाचं काय करायचं माणसानं?
पूल अर्धा चाललो. वाऱ्यानं मागे लोटलं.
बंदरात एक म्हातारा बर्फ खरवडत होता होडीवरचा,
होडीशी काहीतरी पुटपुटत.
चौकातल्या टपरीवर गणवेशातली दोन पोरं
रेनडिअरचं सॉसेज खात होती,
एकाच्या बाहीवर केचप.
मी रुमाल दिला. त्यानं टाचा जुळवल्या.

दोन महिन्यांनी सूर्य परतायचा तो दिवस.
शहरभर त्या दिवशी गोल गोड पाव खातात.
बेकरीतल्या मारेतबाई रिकामी परात पुसत होत्या.
"ढग होते, कुणालाच दिसला नाही तो,
पण पाव मात्र दुपारीच संपले."
मग माझ्या छातीकडे बोट करून :
"पाहुणे? कुणाकडे?"
तेव्हा लक्षात आलं, पिवळी चिठ्ठी
मी गावभर मिरवत हिंडलो होतो.
लेकीकडे, म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.
कालचा दालचिनीचा एक पाव त्यांनी कागदात बांधला,
पैसे मात्र पूर्ण घेतले.

आता केबिनमध्ये आडवा पडलोय.
खाली इंजिन. एका सिलेंडरचा ठेका
किंचित मागे पडतोय, कानाला बोचतोय.
दोनदा उठून बसलो. बुटाची नाडीही बांधली.
मग सोडली.
खाली कुणाची तरी लेक असेल पाळीवर.
ऐकलं असेल तिनं.